मावशीची अट आणि गाडीचा लाल दिवा

तीर्थस्वरूप मावशी,

तुझ्या पायांना, त्या पायांखाली चाळीस वर्षं हलणाऱ्या शिलाई मशीनला आणि मशीनवर ठाण मांडून बसणाऱ्या लठ्ठ मांजराला, याच क्रमानं, माझा नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात, खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे, रात्रीची झोप लागते का, हे सगळं सविस्तर कळव. डोळ्यांबद्दल मात्र काही कळवू नकोस, त्याबद्दल या खेपेला मीच तुला कळवणार आहे. पत्र मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून पानं जास्त झालीत. (पेन नवीन आहे, जाड उमटतं. दुसरं काही कारण नाही.)

तर मावशी, दिवा विझला.

(घाबरू नकोस, माणसं सगळी शाबूत आहेत. तुझ्यासमोर 'विझला' म्हणायची सोय नाही हे मला माहीत आहे, त्या एका शब्दापायी मी लहानपणी भरपूर टपल्या खाल्ल्यात. पण गाडीच्या दिव्याला 'शांत झाला' म्हटलं की मेहुणा हसतो.) गाडीतला तो लाल दिवा, ज्याच्यावर तू तुझी अट टांगून ठेवली होतीस, तो काल सकाळी विझला आणि आज सकाळपर्यंत विझलेलाच आहे. आनंदात मला काही सुचेनासं झालंय. दुकानात आज मी एका बाईंना खोकल्याच्या बाटलीऐवजी केसांचं तेल दिलं आणि वर 'दिवसातून दोनदा घ्या' असंही सांगितलं. बाई शहाण्या होत्या, परत आल्या.

अट तुझ्या लक्षात आहे ना? नसेल तर मी आठवण करून देतो, कारण मला ती शब्दन् शब्द पाठ आहे. दीड महिन्यापूर्वी मी तुला ऑपरेशनसाठी न्यायला तुझ्या दारात आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर लवकर काढायलाच हवा, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं, तारीख ठरली होती, इकडे तुझ्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तुझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग लावून ठेवला होता. आणि मी गाडीतून उतरतो तोच मागच्या दोन्ही चाकांतून असा काही जळका वास सुटला की तू नाकाला पदर लावून दारातच उभी राहिलीस. मी वेडा, तुला समजावायला गेलो की काही नाही गं, एक लाल दिवा लागतोय ब्रेकचा आणि गाडी जरा जड चालतेय. झालं. बुडत्याला काडी मिळावी तशी तुला ती सापडली. चार शेजारणींच्या साक्षीनं तू म्हणालीस, "बसनं माझे गुडघे येत नाहीत. परक्या गाडीत मी बसत नाही. तुझा तो दिवा विझला की त्याच आठवड्यात येते, मग त्या डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे." आणि आत जाऊन मशीनवर बसलीस. मी आल्या पावली परत, मागची चाकं तापवत तापवत.

परतताना माझ्या डोक्यात एकच होतं. तारीख हुकली, दुसरी तारीख मागायची, आणि त्याच्या आत हा दिवा घालवायचा. तू शब्दाची पक्की आहेस. दिवा विझला तर तू येणार, आणि नाही विझला तर जगबुडी झाली तरी येणार नाहीस. डॉक्टरांनी पुढची तारीख या सोमवारची दिली आणि बजावलं, आता आणखी लांबवलंत तर आतलं भिंग कडक होईल आणि काम अवघड होऊन बसेल. म्हणजे तुझा डोळा अडकला होता माझ्या गाडीच्या ब्रेकमधे. मी औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभा आहे, डॉक्टरांचं अक्षर मला लागतं, आजाराचं नाव मी चिठ्ठी उलटी धरूनही सांगतो. गाडीचं निदान करायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं. दीड महिना लागला.

सगळ्यात आधी आजार सुरू कधी झाला ते आठवलं. तो एक रविवार होता, आणि त्या रविवारी दोन गोष्टी घडल्या होत्या. सकाळी तुझं पार्सल आलं, ज्यात हँडब्रेकच्या दांडीसाठी तू शिवलेलं ते कव्हर होतं. (पांढरट कापड, निळी गोट, आत कापूस. सकाळच्या गारठ्यात माझ्या तळहाताला लोखंड गार लागू नये म्हणून. मावशी, तुझ्या घरात रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, कव्हरांच्या गठ्ठ्याला कव्हर. उघडं असं फक्त ते मांजर, आणि तेही एका जागी थांबत नाही म्हणून सुटलं.) मी ते तिथल्या तिथे चढवलं आणि आरशात बघावं तसं बघत बसलो. आणि दुपारी मेहुणा गाडी मागून घेऊन गेला. सोमवारी दिवा लागला. आता यात संशय घ्यायला जागा कुठे आहे? मेहुण्यानं हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी पळवली असणार, मागचे ब्रेक भाजून काढले असणार आणि वर तोंड करून 'मस्त चालते रे' म्हणत किल्ली परत दिली असणार. हे मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी हँडब्रेक ओढतच नाही, गिअरमधे उभी करतो." गुन्हेगार असंच म्हणतात. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुनेमार्फत चालू होतं, म्हणजे एकाच खोलीत बसून मी हिला सांगायचं आणि हिनं त्याच्याकडे मान वळवायची.

मग गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की हा दिवा दोनच कारणांनी लागतो. एक, हँडब्रेक ओढलेला आहे. दोन, ब्रेक ऑइल कमी आहे. हँडब्रेक मी दाबून पाहिला, खाली होता. म्हणजे ऑइल. बाटली आणली, बॉनेट उघडलं, डबी बघितली तर ऑइल रेघेच्या वर होतं. तरी म्हटलं, एवढी बाटली आणलीच आहे. ओतलं. काठोकाठ भरून थोडं बाहेरही गेलं. मावशी, हे ऑइल गाडीचा रंग खातं हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं आणि मी अजून आधीच्या पानावर होतो. आता बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा एक ठिपका आहे. मेहुणा म्हणाला (सुनेमार्फत) की गाडीला कोड फुटलंय. दिवा होता तिथेच होता, उलट मला जास्त लाल वाटायला लागला.

आता खरं निदान. दुकानात ताप बघायचं ते यंत्र आहे ना, कपाळावर रोखायचं, बटण दाबलं की आकडा येतो, ते मी उचललं. शहराबाहेरच्या रस्त्यानं अर्धा तास गाडी चालवली, ब्रेक जमेल तितका न लावता, आणि झाडाखाली थांबवून एकेका चाकापाशी उकिडवा बसलो. पुढचं डावं चाक सदतीस. पुढचं उजवं सदतीस पूर्णांक चार, म्हणजे अंगात कणकण. मागच्या डाव्या चाकावर रोखलं तर यंत्राचा पडदाच लालभडक झाला आणि ते कर्कश ओरडायला लागलं, माणसाला इतका ताप असूच शकत नाही असं त्याचं मत पडलं. मागच्या उजव्यावरही तेच. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज. मग गाडी न्यूट्रलमधे टाकून ढकलून पाहिली, तर हलेना. मागचे ब्रेक सुटतच नव्हते, मावशी. पाय काढला तरी ते चाकांना धरून बसत होते, आणि मी इतके दिवस गाडीला मागून कुणीतरी ओढत असताना चालवत होतो. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे घरी फोन करून हिला आकडे सांगितले. ही म्हणाली, "ते यंत्र धुऊन मग दुकानात ठेवा." मी विसरलो. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा ताप बघितला तर ते म्हणाले, याला रबराचा वास का येतो.

रोग कळला, आता शस्त्रक्रिया. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहे. म्हातारा, कमी बोलतो, मला 'डॉक्टर' म्हणतो आणि त्यातली थट्टा लपवत नाही. त्यानं गाडी मागून जॅकवर चढवली, ड्रम काढले, आत मूठ मूठ काळी भुकटी निघाली, ब्रेकचे लायनर भाजून काचेसारखे गुळगुळीत झालेले. ते बदलले. मग म्हणाला, केबल बघायला लागेल, हँडब्रेकची दांडी जरा बघू द्या. आणि इथे मावशी, मी ती चूक केली जी तुझ्या भाच्याशिवाय जगात दुसरं कोणी करणार नाही. मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि दांडीवर तुझं पांढरट कव्हर होतं. मी आडवा आलो. म्हटलं, "हात धुऊन या." त्यानं हात धुतले, ते काळेच राहिले. म्हटलं, "नाही, पुन्हा." तो म्हणाला, "डॉक्टर, मी तुमच्या गाडीच्या पोटात हात घातला तेव्हा नाही विचारलंत." मी म्हटलं, पोटाचं वेगळं, हे मावशीनं शिवलंय. मग असं ठरलं की तो खाली आडवा पडून चाकं फिरवणार आणि मी आत बसून दांडी ओढणार-सोडणार. कव्हरवर मी आणखी एक प्लास्टिकची पिशवीही चढवली, तू शिकवलंस तसं. तो खालून ओरडायचा 'सोडा', मी ओरडायचो 'सोडला', तो म्हणायचा 'नाही सुटला', मी म्हणायचो 'अहो, सुटलाय, मी समोर बघतोय'. अर्धा तास हेच चाललं होतं.

शेवटी त्यानं वैतागून केबल सैल केली आणि चाकं मोकळी फिरायला लागली. मी जिंकल्यासारखा घरी आलो, गाडी उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला आणि जिना चढलो. वर जाऊन खिडकीतून बघतो तर गाडी जाग्यावर नाही. ती स्वतःच्या मनानं, कोणाला न दुखवता, हळूहळू उतरून समोरच्या न्हाव्याच्या पायरीला टेकली होती. आत एका माणसाची अर्धी दाढी झालेली होती, तो तसाच फेस घेऊन बाहेर आला आणि उरलेली अर्धी त्यानं मला सगळं ऐकवून झाल्यावर करून घेतली. परत मिस्त्री. केबल घट्ट. परत चाकं तापली. सैल केली की गाडी निघून जायची, घट्ट केली की जायचंच नाव घ्यायची नाही, आणि दोन्ही वेळा दिवा आपला लालच्या लाल. एकूण चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मिस्त्री म्हणाला, "डॉक्टर, सगळं बघितलं. जे बघू दिलं नाहीत तेवढंच राहिलंय." मला वाटलं तो चिडून बोलतोय.

मधल्या काळात मेहुणा गप्प बसला असेल असं समजू नकोस. त्यानं भंगारवाला शोधून काढला, जो गाडी बघायला उद्या, रविवारी येणार होता, आणि घरात सगळ्यांना पटवत आणलं की ही गाडी विका आणि नवी घ्या. मला गाडीचं काही नाही, पण गाडीच गेली तर दिवा विझणार कुठून आणि तू येणार कशी, या विचारानं मला घास जाईना. हे हिनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, एवढंच ना, काळी चिकटपट्टी आण आणि दिव्यावर लाव. दिसला नाही म्हणजे विझला. मी म्हटलं, मी मावशीला फसवणार नाही, ती गाडीत बसल्याबरोबर चिकटपट्टी बघेल. त्यावर सून पटकन म्हणून गेली, "अहो, मावशींना तो दिवा तरी दिसणार आहे का?" मेहुण्यानं खुर्ची सरकवली आणि पाणी प्यायला आत गेला. तो मनानं वाईट नाही.

आता काल काय झालं ते ऐक. म्हणजे परवापासून सांगतो. परवा सकाळी सूनबाई गाडीत बसली आणि तिनं तुझं कव्हर बघितलं. मिस्त्रीच्या हातांपासून वाचवलेलं ते कव्हर माझ्याच हातांनी काळंकुट्ट झालं होतं, कारण चार फेऱ्यांत मीच चाकांना हात लावून येऊन दांडी ओढत होतो. (मिस्त्रीला हे सांगू नकोस. तो तुला भेटणार नाही म्हणा.) तिनं ते ओढून काढलं आणि धुवायला नेलं. मी त्याच वेळी बॉनेटखाली होतो, दुकानातलं स्पिरिट आणि कापूस घेऊन दिव्याच्या तारांची टोकं पुसत होतो, इंजेक्शनच्या आधी दंड पुसतात तशी. मग गाडी सुरू केली आणि दिवा नव्हता. मी चावी बंद केली, पुन्हा सुरू केली. नव्हता. गाडी अशी निघाली की मला आधी कळेना मी कुणाच्या गाडीत बसलोय. सिग्नलपाशी पाय काढला तर आपली आपण पुढे सरकत राहिली. दुकानात पोचल्यावर चाकांना हात लावला तर कोमट. मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं की स्पिरिटनं गाडी बरी होते. मिस्त्रीच्या गॅरेजसमोर मुद्दाम थांबून सांगितलं. तो हातातला पाना खाली ठेवून आत निघून गेला.

आणि काल सकाळी कव्हर वाळलं. मीच ते हौसेनं परत दांडीवर चढवलं, गोट सरळ केली, गाडी सुरू केली आणि समोर तोच लाल दिवा, जसा काही एक दिवस रजेवर जाऊन हजर झालेला. मला रडू आलं असतं. तसाच दुकानापर्यंत गेलो, दारात गाडी उभी केली आणि सुन्न बसून राहिलो. मग सवयीनं हात त्या कव्हरवर गेला, आणि माझ्या लक्षात आलं की दांडी खाली आहे, पण पूर्ण खाली नाही. कव्हरच्या बुडाशी काहीतरी जाड होतं आणि ते दांडीच्या आणि सीटांमधल्या खाचेच्या मधे येत होतं. फार नाही, दोन बोटं. मी कव्हर काढलं. दांडी कट् करून खाली बसली. दिवा विझला. कव्हर घातलं, लागला. काढलं, विझला. मावशी, मी हे अकरा वेळा केलं. दुकानासमोर सात गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती आणि मी गाडीत बसून एकटाच हसत होतो. त्यातल्या एकानं माझ्या बायकोला फोन लावला.

मिस्त्रीला बोलावून आणलं. या वेळी त्याचे हात मी स्वतः धरून दांडीवर ठेवले. त्यानं एका मिनिटात समजावून दिलं. दांडी पूर्ण बसली की बुडाशी एक कळ दाबली जाते आणि दिवा जातो. ती दोन बोटं वर राहिली की दिवा लागून राहतो, केबल ओढलेली राहते आणि मागचे ब्रेक चाकांना घासत राहतात. हँडब्रेक ओढूनच मी दोन महिने गाडी चालवत होतो. पुस्तकातलं पहिलंच कारण खरं होतं आणि मेहुणा निर्दोष होता. मिस्त्रीनं केबल पुन्हा बेताची केली, उतारावर गाडी उभी करून दाखवली, चढावर करून दाखवली. मग हात पुसून म्हणाला, "आता सांगा, दोषी कोण?" मी कव्हर खिशात घातलं आणि म्हटलं, कोणी नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. संध्याकाळी घरी आल्यावर म्हटलं बघावं तरी इतकं जाड झालंय कशानं, आणि ते कव्हर उलटं केलं. मावशी, मी शाळेची सहा वर्षं तुझ्याकडे काढली. तू शिवलेली माझी चड्डी फाटायची पण शिवण उसवायची नाही. अख्ख्या गावाच्या शाळेचे गणवेश तू शिवलेस आणि टाके मोजायचे असतील तर पट्टी लावून मोजावेत इतके ते सारखे असायचे. आणि या कव्हरच्या बुडाशी एकावर एक चार शिवणी होत्या. पहिली वाकडी जाऊन कापडाबाहेर पडलेली. दुसरी तिला शोधत गेलेली. तिसरी, चौथी, दुमडलेलं कापड, गाठीवर गाठ. एका ठिकाणी तर तू कापडाला सोडून नुसत्या कापसालाच टाके घातलेस. तुला दिसत नाही गं. थोडं धूसर, थोडं कमी असं नाही, तुझ्या हातातली सुई तुला दिसत नाही, आणि तू हे कोणाला बोलली नाहीस, हाताच्या अंदाजावर बसून माझा तळहात गार पडू नये म्हणून शिवत राहिलीस. मला तुझा राग आला नाही. मला भीती वाटली. दिवा दोन महिने खरं तेच सांगत होता आणि मी सगळीकडे बघितलं, फक्त तुझ्या हाताखाली बघितलं नाही.

तू म्हणाली होतीस, आयुष्यभर कापड कापलंय, कापलेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही हे मला कोण शिकवणार. खरं आहे. पण कापल्याशिवाय काही शिवताही येत नाही, आणि आम्हाला कात्री धरायला शिकवताना हे तूच सांगायचीस. तुला भीती वाटते हे मला कळतं, मलाही वाटते. डॉक्टरांना मी तीनदा भेटलोय, त्यांचा हात स्थिर आहे आणि ते कमी बोलतात, आमच्या मिस्त्रीसारखे. बघू द्यायचं असतं, मावशी, एवढं मी या दीड महिन्यात शिकलो. दिवा विझलाय. शब्द तुझा आहे. सोमवारची तारीख आहे, मी रविवारी सकाळी आठ वाजता दारात गाडी उभी करतो आहे, आणि भंगारवाल्याला येऊ नकोस म्हणून कळवलंय. पत्र आमच्या दुकानात औषधं पोचवणाऱ्या गाडीबरोबर पाठवतोय, म्हणजे आज दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

तुझा,
अजूनही कात्री उलटी धरणारा भाचा

ता.क. मेहुण्याची माफी मागितली, थेट, मधे सून नव्हती. तो म्हणाला, नुसत्या शब्दांनी भागणार नाही, मावशींच्या हातचं कव्हर पाहिजे, माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला. मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर. तो म्हणाला, अर्थात झाल्यावर, मला वळायचं असतं.

दुसरा ता.क. माझ्या हँडब्रेकचं कव्हर सोबत आणतोय. मिस्त्री म्हणाला, बुडाची जाड शिवण कापून टाका, काम होईल. तुझ्या टाक्यांना कात्री लावायची माझी हिंमत नाही. डोळ्यावरची पट्टी निघाली की तूच उसव आणि तूच पुन्हा शीव. तोपर्यंत मी गार दांडी धरीन. (आज सकाळी पुन्हा लाल दिवा लागला आणि माझं काळीज हललं. बघितलं तर या वेळी हँडब्रेक मी खरोखरच ओढून ठेवला होता.)

तिसरा ता.क., जो मुद्दाम बारीक अक्षरात आहे. शेजारच्या बाई, इथून पुढचं कृपा करून मोठ्यानं वाचू नका. मावशीची गेली दोन पत्रं तुमच्या अक्षरात होती. हात दुखतो म्हणून लिहून घेतलं, वाचते मात्र मीच, असं तिनं त्यात तुमच्याकडूनच लिहून घेतलं होतं. सुईत दोराही तुम्हीच ओवून देता ना? तुमचे उपकार मी विसरणार नाही. आज तिची पिशवी भरून ठेवा, मांजर तुमच्याकडे राहू द्या, आणि सकाळी ती गुडघ्याचं कारण काढायला लागली तर एवढंच म्हणा की टाके वाकडे आलेत असं भाचा सांगत होता. ती पायी निघेल. आता वाचता वाचता तुम्ही थांबलात तर ती विचारेल, संपलं का. हो म्हणा. पण तुमच्या खांद्यावरून बघून तिनं जर विचारलं, की खाली हे बारीक अक्षरात काय लिहिलंय, तर मला लगेच फोन करा. मग मी गाडी घेऊन येणार नाही, हे सगळं पत्र खोटं पडलं असं समजेन, आणि बाई, इतक्या आनंदानं तोंडघशी पडलेला माणूस तुम्ही बघितला नसेल.